सातवा दरवाजा

५ फेब्रुवारी, गुरुवार

आठ दिवस राहिले! 'वेढा'चा चौथा भाग तेरा तारखेला येतोय. गेमचं खरं नाव लांबलचक इंग्रजी आहे, पण घरात सगळे वेढाच म्हणतात. आईसुद्धा, म्हणजे आमची अव्वा. "बापलेकीचा वेढा उठला का? भाकरी गार झाली."

तिसरा भाग सहा वर्षं खेळतोय. दोघांनी मिळून एक किल्ला घ्यायचा, त्याला सात दरवाजे. रोज माझी एक चाल, आप्पांची एक. मी ऑफिसला जाण्याआधी, ते दुपारी. घाई नाही, घड्याळ नाही. एक शिपाई दोन घरं पुढे न्यायला आप्पा तासभर लावतात. तोवर शत्रू बिचारा गप्प उभा. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांचा उजवा हात त्याच्या मनात येईल तेव्हाच चालतो, पण वेढ्यात त्याने काही अडत नाही. तीस वर्षं चादरींच्या कारखान्यात नक्षी काढली. अजून त्याच ग्राफ कागदावर चाली मांडतात, डाव्या हाताने. त्यांच्या निळ्या पेन्सिलीने, माझ्या लाल.

बोलतात तेही एवढ्यावरच. बाकी दिवसभर 'हं' आणि 'साकु'. पुरे म्हणायचं की कानडी सुचतं त्यांना.

सातवा दरवाजा राहिलाय. चार चालींचं काम! मुद्दाम ठेवलाय. नवा भाग आला की उघडायचा.

७ फेब्रुवारी

पुण्याच्या कंपनीला अठ्ठावीसपर्यंत कळवायचंय. इथे नळयोजनेचे नकाशे काढते, तिथेही तेच, फक्त शहर मोठं आणि साहेब कमी ओरडणारा. हो म्हणणार. नवा वेढा दोन गावांतून खेळता येतो असं लिहिलंय. मी तिथून एक चाल, आप्पा इथून एक. त्यांना सांगितलं. म्हणाले, "मग जा की. चाल चुकवू नकोस म्हंजे झालं."

एवढं लांब वाक्य महिन्यात पहिलंच!

१० फेब्रुवारी

ऑफिसातला अजिंक्य म्हणतो, "चंद्रिका, तो आता तसला राहिला न्हाय. मारामारीचा झालाय. लई भारी!" फेकतोय. मी स्वतः काही पाहिलेलं नाही. आप्पांची ताकीद आहे, नक्षी मागावर चढण्याआधी कुणी बघायची नाही.

१३ फेब्रुवारी

अजिंक्य फेकत नव्हता.

चालच नाही! नकाशा नाही, घरं नाहीत. एक दांडगा माणूस, हातात तलवार, पळायचं आणि बटणं बडवायची. किल्ला मागे पडद्यासारखा. सातही दरवाजे सुरुवातीच्या गोष्टीतच धडाधड उघडतात, आपोआप! मग आम्ही सहा वर्षं काय केलं?

दोन गावांतून खेळता येतो, हे खरं आहे. दोघांनी एकाच वेळी पळायचं.

रडले. चौतीस वर्षांची घोडी, गेमसाठी रडते! आप्पांना सांगितलं, अजून डाउनलोड होतोय. त्यांनी ग्राफचा नवा कागद काढून ठेवलाय, चारी बाजूंनी आखून.

१५ फेब्रुवारी, महाशिवरात्र

अव्वा सकाळपासून सिद्धेश्वराच्या देवळात. आप्पांनी रताळं खाल्लं आणि टीव्हीकडे बोट केलं. आता किती दिवस डाउनलोड होणार? लावला.

ते शत्रूसमोर गेले आणि थांबले. शत्रूने मारलं. पुन्हा गेले, पुन्हा थांबले. मी ओरडले, "आप्पा, मारा की!"

"त्याची चाल हाय की. त्याला करू दे."

नऊ वेळा मेले. नऊही वेळा शहाण्यासारखे उभे राहून. मला आधी हसू आलं. मग समजावून सांगितलं, की इथे कुणी कुणासाठी थांबत नाही. त्यांनी जोर लावून बटण दाबायला घेतलं, उजव्या हाताने ऐकलं नाही, रिमोट खाली पडला.

"साकु," म्हणाले. आखलेल्या कागदाची घडी करून उशीखाली ठेवली.

१६ फेब्रुवारी

आप्पा दिवसभर गप्प. 'हं'सुद्धा नाही.

१९ फेब्रुवारी

गेमवाल्यांना इंग्रजीतून दीड पानाची तक्रार पाठवली. एका मिनिटात उत्तर. तुमचा उत्साह पाहून आनंद झाला म्हणे! तुमचं तळपट होवो.

अजिंक्य म्हणतो, जुनाच खेळा की. जुना एकाच घरात, एकाच टीव्हीवर चालतो. ह्याला कोण सांगणार?

२२ फेब्रुवारी

पुण्याला नाही म्हणायचं ठरवलं. अव्वा तवा खाली ठेवून बघतच राहिली. "एका खेळापायी नोकरी सोडतीस?"

"खेळापायी नाही."

"मग कशापायी?"

मी काय सांगणार? की मी गेले की हा माणूस बोलायचा पूर्ण बंद होईल, आणि तुला भाकरीच्या गडबडीत कळणारही नाही? सांगितलं नाही. वळले तर आप्पा दारात उभे. किती ऐकलं कोण जाणे.

मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "उद्यापासून जुना वेढा पुन्हा सुरू."

"हं."

२६ फेब्रुवारी

आज पाचव्या दिवशी पाणी आलं, त्यात निम्मी सकाळ गेली. घाईघाईत चाल केली. शिपाई दोन घरं मागे घेतला. दरवाजाची घाई कुणाला आहे? असाच वर्षभर पुरवता येईल.

आप्पांचा शिपाई मात्र दोन घरं पुढे आलाय. हात घसरला असणार.

२८ फेब्रुवारी, शनिवार

'नाही' लिहून ठेवलं होतं. घरी येऊन पाठवणार होते. दार उघडलं तर टीव्ही चालू. सातवा दरवाजा सताड उघडा, बुरुजावर आमचं निशाण.

उशीखालचा तो आखलेला कागद टीव्हीपुढे पसरलेला. वर निळ्या चाली, आणि त्यांना जोडून लाल. सहा वर्षांत आप्पांनी माझ्या चालीला कधी हात लावला नव्हता.

"माझ्या चाली तुम्ही का केल्या?"

"तू पुढची चाल करीनाशी झालीस की."

पुण्याला हो कळवलं.