बचाव पक्षाची साक्षीदार

४ फेब्रुवारी

पुन्हा तारीख! सकाळपासून कोर्टाच्या बाकावर बसून पाठ मोडली आणि न्यायाधीश साहेबांनी दोन मिनिटांत पुढची तारीख देऊन टाकली. माझं डोकंच सटकलं. उठून बोलणार तोच वकीलबाईंनी डोळे वटारले. बाहेर आल्यावर झाडलं — "तू तोंड उघडलंस की माझी केस झोपते. कळतंय का?"

सरकारनं दिलेल्या वकील, म्हणून वाटलं होतं नुसत्या सह्या करतील. पण बाई खमक्या आहेत. चष्म्याच्या दुकानातले काका, ज्यांची सायकल माझ्या मोटारसायकलनं उडवली, ते म्हणतात सिग्नल लाल होता. मी म्हणतो हिरवा होता. होताच! पण काकांचं मनगट मोडलंय. आणि मी? "कॉलेज अर्ध्यात सोडलेला, तापट, वर गाडी भरधाव," बाई म्हणाल्या, "मी साहेब असते तर मीही तुझ्यावर विश्वास ठेवला नसता."

शिक्षा झाली की लायसन्स गेलं. लायसन्स गेलं की गाद्यांच्या दुकानातला टेम्पो गेला. मालक आत्ताच चावी देत नाहीत. "आधी निर्दोष सुटून ये. तोवर गाद्या उचल."

बाईंनी विचारलं, "मागच्या सीटवर कोणी होतं का?"

आधी नाही म्हणणार होतो. मग म्हणालो, होतं.

६ फेब्रुवारी

तिचा फोन लागत नाही. म्हणजे माझ्या नंबरवरून लागत नाही. दुकानातून लावला तर लगेच उचलला. "मी बोलतोय" म्हटलं — ठेवला!

११ फेब्रुवारी

बाई म्हणाल्या, तिला साक्षीला बोलवायचं तर समन्स काढावं लागेल. आणि समन्स मिळालं की यावंच लागतं.

यावंच लागतं! घरी येईपर्यंत हेच घोळवत होतो. फोन उचलू नकोस, रस्ता बदल, मैत्रिणीकडून निरोप पाठव की विसर म्हणावं. पण आता यावं लागेल. माझ्यासमोर उभं राहावं लागेल. एकदा समोर आली की सगळं बदलेल, मला ठाऊक आहे.

अपघात झाला तेव्हा पोलीस यायच्या आत मीच तिला म्हटलं होतं, तू जा, मी बघतो. कुठंही तिचं नाव येऊ दिलं नाही. तिच्या घरी अजून पत्ता नाही की ती गाडीवर होती.

बाईंनी बजावून विचारलं, "तिच्याशी बोललास ना? काय सांगणार हे कळल्याशिवाय मी कोणाला पिंजऱ्यात उभं करत नाही."

"बोललो. हिरवाच होता म्हणते."

साफ खोटं. पण हिरवा तर होताच ना!

२० फेब्रुवारी

समन्स गेलं.

२ मार्च

आज फक्त तारीख घ्यायची होती. चष्मेवाले काका त्याच बाकावर, दुसऱ्या टोकाला. त्यांची मुलगी डबा उघडून त्यांना घास भरवत होती. उजव्या हातानं अजून चमचा धरता येत नाही म्हणे. मी भिंतीवरची नोटीस वाचल्यासारखं केलं.

मुलगी हात धुवायला गेली तेव्हा काका म्हणाले, "एकटाच येतोस रे नेहमी?"

फिर्यादीनं आरोपीची चौकशी करायची! "भावाला सुट्टी नसते," म्हणालो. भावानं कधी विचारलंही नाही, ते सोडा.

११ मार्च, सकाळ

निळा शर्ट. दोनदा इस्त्री केली. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, कोर्टात चाललात की मुलगी बघायला?" दादा पेपरातून मान वर न काढता म्हणाला, "आरोपी आहे तो. जरा आरोपीसारखा दिसू दे त्याला."

आज ती येणार!

११ मार्च

आली. तिचा थोरला भाऊ बरोबर होता. दारात हाताची घडी घालून उभा.

वाळली आहे. केस कापलेत. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. वकीलबाईंनी सिग्नलचं विचारलं. "हिरवा होता," म्हणाली. स्पष्ट! मला वाटलं, ओरडावं.

मग सरकारी वकील उठले. "आरोपी तुमचे कोण?"

"कोणी नाही."

"कोणी नाही? मग अंधार पडताना त्याच्या गाडीवर काय करत होतात?"

मागं कोणीतरी फिसकन हसलं. माझ्यानं राहवेना — "हे काय विचारणं झालं!" साहेब म्हणाले, "आरोपी, आणखी एक शब्द आला तर बाहेर काढेन."

"गाडीचा वेग किती होता?"

"माहीत नाही. मी उतरव म्हणत होते."

"कधीपासून?"

"पुलापासून."

साहेबांनी ते लिहून घ्यायला सांगितलं.

म्हणत होती. मी ऐकत होतो की! भांडण झालं होतं, मला वाटलं रुसली आहे. गाडी पळवली की नेहमीसारखी खिदळेल. नेहमीसारखी? कधी खिदळली होती, तेच आता आठवत नाही.

वेळ संपली. उरलेली उलटतपासणी पुढच्या तारखेला, साक्षीदारानं हजर राहावं. जिन्यात तिच्या भावाचा आवाज — "पुलावर कुठून आलीस? घरी चल, मग बघतो."

१२ मार्च

बाईंनी फाईल आपटली. "तू बोललाच नव्हतास तिच्याशी!"

जरा वेळानं शांत झाल्या. म्हणाल्या, तरी केस गेलेली नाही. हिरवा म्हणालीय, ते मोठं आहे. अजून एकदा उभी राहिली आणि टिकली, तर सुटशील. "पण तो सरकारी वकील तिला सोलून काढणार. कुठं भेटायचात, कधीपासून, घरी काय सांगून निघायची. सगळं, भावासमोर."

"तिला यावंच लागू नये, असं काही नसतं का?"

"केस चालू आहे तोवर नाही." मग माझ्याकडे रोखून बघितलं. "डोक्यात भलतंसलतं आणू नकोस हं. जिंकत आलेली केस आहे."

१५ मार्च

दिवसभर गाद्या. कोणी काही विचारलंही नाही.

१९ मार्च

ती बाहेर बाकावर होती, शेजारी भाऊ. तिला आत बोलवायच्या आधीच मी म्हणालो, साहेब, मला गुन्हा कबूल आहे. साहेबांनी विचारलं, कोणी दबाव आणला का? परिणाम माहीत आहेत का? वकीलबाई माझ्याकडे बघतच राहिल्या.

लायसन्स रद्द. काकांना भरपाई. आणि कोर्ट उठेपर्यंत कैद, म्हणजे संध्याकाळी साहेब उठेस्तोवर त्याच खोलीत बसायचं, हलायचं नाही. शिपाई बाहेर जाऊन तिला सांगून आला, तुमची साक्ष नको आता, जा. जिन्यावर चपलांचा आवाज झाला. दार उघडंच होतं.

बसून राहिलो.