फोटो काढ

नल्लकुंटा, हैदराबाद
१२ ऑगस्ट १९९४

प्रिय गौतमदादा,

नमस्कार. इकडे मी आणि अण्णा बरे आहोत. अर्धांगाच्या झटक्याने गेलेला त्यांचा उजवा हात अजून तसाच आहे, पण डाव्या हाताने वरणभात खातात आणि सांडला की माझ्यावरच डोळे वटारतात. म्हणजे सुधारताहेत. पुण्यातलं तुझं नवं ऑफिस कसं आहे? वहिनींना नमस्कार सांग.

अण्णांच्या फोटो स्टुडिओच्या विक्रीचे कागद मिळाले. त्याचं पुढे लिहिते.

सध्या मी अण्णांचा जुना लाकडी कॅमेरा दुरुस्त करत होते. हसू नकोस. सागवानी पेटी धडधाकट होती, पितळी खिट्ट्या चिंचेने घासल्या. खरं दुखणं लेन्स आणि मागची काच यांमधल्या चामडी भात्याचं, घडीघडीला चिरलेला. आबिड्सला आपल्या दुकानाशेजारच्या बॅगवाल्या खादरभाईंकडे पातळ चामडं मागितलं, तर म्हणाले, "परसोंच तो तुमारे भाई दुकान बंद बोलके गए ना, बाजी?" त्यांचं परसों म्हणजे तू आलास तो मे महिना. मी म्हटलं, "भाई बोले, मैं नै बोली."

पहिला भाता इतका ताठ झाला, की मिटेचना. सरस उकलून पुन्हा केला. अंधारखोलीत त्याच्या आत दिवा लावला आणि जिथून उजेड आला तिथे ठिगळ लावलं.

हा खटाटोप कशासाठी, ते सांगते. मे महिन्यात अण्णांच्या तोंडून दोनच शब्द फुटत होते, "फोटो काढ." तुला वाटलं, दुकान आवरायला सांगताहेत. तू शिडीवर चढून भिंतीवरचे सगळे फोटो काढलेस, मी खालून झेलले. मलाही तेच वाटलं. पण तू गेल्यावर ते पुन्हा तसंच म्हणाले, आणि डावा हात डोक्यावरून पुढे ओढला, कॅमेऱ्यामागे काळं कापड ओढायचे तसा. अरे, फोटो भिंतीवरून उतरवायला नाही, त्यांना कॅमेऱ्याने फोटो काढून हवा होता! आपल्या मराठीनेच घात केला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

काल त्यांना रिक्षातून दुकानात नेलं, खुर्चीत बसवलं. मी कापडाखाली शिरले. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर खुर्ची वर, अण्णा खाली डोकं. म्हटलं, "अण्णा, उलटे दिसताय."

"उलटा," ते म्हणाले. मग डावा हात कॅमेऱ्याकडे करून, "म्हणजे बरोबर."

फोटो छान आला. एका कोपऱ्यात उजेडाचा डाग आहे, ते ठिगळ पुन्हा लावीन.

आता कागदांचं. अण्णांचा अंगठा घेऊन पाठव म्हणाला होतास. घेणार नाही, कोरेच परत पाठवते आहे. दुकान विकत घेणाऱ्या त्या कलर लॅबवाल्यांना तूच कळव. रागावलास तरी चालेल. रंगीत फोटो आता गल्लोगल्ली निघतात हेही मला कळतं. तरी दुकान मी चालवणार.

भिंतीवरचे फोटो पुन्हा लावले. तुझ्या शाळेच्या पहिल्या दिवसाचा तेवढा पुसून टेबलावर ठेवलाय. खिळा रिकामा आहे. तू काढलास, तूच येऊन लाव.

फोटो काढणारी,
तुझी त्रिवेणी