बाद पुंगळ्यांचा डबा

बाबा, तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली आणि मला अजून तुमचा राग येतो. अमेरिकेतल्या प्लेनोच्या घरातलं गॅरेज आठवलं की तो पुन्हा ताजा होतो. गाडी बाहेर उन्हात, आणि आत वर्कबेंचला बोल्टने घट्ट केलेला तुमचा प्रेस. पुण्यात तुम्ही कारखान्याच्या टूलरूममध्ये होतात, इथे दिवसभर सॉफ्टवेअर तपासत बसायचात. हाताला लोखंड लागत नाही म्हणून चिडचिड व्हायची. मग ऑफिसमधल्या कुणीतरी नेमबाजीच्या रेंजवर नेलं, तुम्ही एक जुनी रायफल घेतलीत आणि झाडलेल्या गोळ्यांच्या पितळी पुंगळ्या प्रेसच्या साच्यात, म्हणजे डायमध्ये, दाबून पुन्हा भरायचं वेड लागलं. आई म्हणाली, "घरात गणपती बसतात आणि हे काय आणून ठेवलंय?" तुम्ही कधी कुणाचं ऐकलंत, की तिचं ऐकणार!

मी पंधरा वर्षांची. पुंगळ्या तपासायचं काम माझं, आणि मला त्याचा अभिमान होता. तुम्हीच शिकवलेलं: पेपरक्लिप सरळ करायची, टोक जरासं वाकवायचं, पुंगळीत घालून बुडाजवळ आतून फिरवायचं. टोक अडखळलं की तिथे पितळ पातळ झालंय. तसली पुंगळी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात, म्हणजे बाद. त्या उन्हाळ्यात डबा भराभर भरायला लागला. मी म्हटलं, "बाबा, तुमची डाय फार खाली बसलीय. पुंगळी जास्त दाबली जाते, मग फायर केली की ताणली जाते. लुक, इट्स थिन." तुम्ही मानही वर केली नाहीत. "वीस वर्षं डाय बसवल्यात मी. तू होमवर्क कर."

शनिवारी रेंजवर तुमचे दोन मित्रही आहेत. तुमची तिसरी गोळी. आवाज वेगळाच येतो, रायफलच्या मागच्या बोल्टमधून धूर मागे फुटतो, तुमच्या चष्म्यावर काळे ठिपके. बोल्ट ओढला तर पुंगळीचं नुसतं बूड बाहेर येतं, बाकीची आतच अडकलेली. "काय झालं यार?" मित्रांपैकी एक काका धावत येतात. आणि तुम्ही चष्मा पुसत म्हणता, "चेकिंग हिच्याकडे होतं. या मुलांचं लक्षच नसतं कशात." मी सॉरी म्हणाले. घरी येऊन डबा उघडला तर तो निम्मा रिकामा. दह्याचे डबे धुऊन ठेवणारा माणूस पितळ कसं टाकेल? मी बाद केलेल्या पुंगळ्या तुम्ही परत भरल्या होत्यात. दुसऱ्या दिवशी तुम्ही डाय पाव वळसा वर घेतलीत, माझ्यासमोर. तपासायचं काम काढून घेतलंत. पुढे कितीतरी वर्षं, कुणाकडे जेवायला गेलो की तुम्ही हसत सांगायचात, "हिच्यामुळे माझा डोळाच जाणार होता, थोडक्यात वाचला." लोक हसायचे. मी पानातलं जेवत राहायचे. हॉस्पिटलमध्येसुद्धा मी वाट पाहिली, बाबा, एका वाक्याची. तुम्ही पार्किंगचं विचारलंत.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एवढंही लिहून टाकते. बाद पुंगळ्यांच्या बुडावर मी मार्करने काळी रेघ मारायचे. परत भरताना तुम्ही त्या रेघा पुसल्यात, एक राहिली होती. तुम्ही रायफलमध्ये तिसरी गोळी भरताना ती मला दिसली. ओरडायला वेळ होता. पण तुम्हाला एकदा तरी चुकलेलं मला बघायचं होतं, म्हणून मी कानांवरचे आवाज अडवायचे मफ नीट केले आणि गप्प उभी राहिले.