रागावलेले दहा जण

बुधवार, ५ मार्च

चिठ्ठी काढली आणि डोकंच फिरलं.

आज लेंट सुरू, ईस्टरआधीचा उपवासकाळ. कपाळावर राख लावून आम्ही सगळे चर्चच्या मागच्या खोलीत बसलो होतो. पाळकीणबाईंची यंदाची टूम अशी — चाळीस दिवस शिष्यांच्या चुका शिकायच्या. शिष्य व्हायचं तर त्यांच्या थोरवीपेक्षा त्यांच्या चुका जास्त उपयोगी पडतात, म्हणे. एका टोपीत चिठ्ठ्या. ज्याला जी चूक येईल ती त्याने ईस्टरपर्यंत सांभाळायची, तिच्यावर वहीत लिहायचं, कुणाला दाखवायचं नाही. म्हणून ही वही. नाहीतर दिवसभर हॉस्पिटलच्या लाँड्रीत मान मोडल्यावर लिहिण्याची हौस कुणाला आहे!

शेजारणीला पेत्राचं नाकारणं मिळालं, 'मी प्रभूला ओळखत नाही' म्हणाला ते. केवढी मोठी चूक! सगळ्यांना ठाऊक असलेली. आमच्या लाँड्रीतला थोरला — दोघं भाऊ आहेत आमच्याकडे, सगळं खातं त्यांना थोरला आणि धाकटा म्हणतं — त्याला प्रभू प्रार्थना करत असताना बागेत झोपी गेलेले मिळाले. आणि मला? 'रागावलेले दहा जण.'

आठवून बघावं लागलं. याकोब आणि योहान हे दोघे भाऊ गुपचूप प्रभूकडे जातात आणि मागतात, तुझ्या राज्यात आम्हाला एकाला उजवीकडे बसव, एकाला डावीकडे. बाकीचे दहा ते ऐकून भडकतात. बस! दहांची नावंसुद्धा नाहीत तिथे. आणि मुळात यात दहांची चूक काय? भडकणारच ना माणूस!

गुरुवार, ६ मार्च

माणूस भडकणारच, असं काल लिहिलं. आज भडकले.

इस्त्रीवर एकजण आहे, तिला आम्ही रेडिओ म्हणतो. कधी बंद होत नाही म्हणून. ती दुपारी माझ्याकडे पळत आली. दोघं भाऊ मॅट्रनबाईंच्या खोलीत आहेत, दार लावलंय, अर्धा तास झाला. बाहेर आले तेव्हा मी स्वतः पाहिलं. धाकट्याने थोरल्याच्या पाठीवर हात ठेवला होता. दोघांचेही चेहरे काहीतरी मोठं उरकून आल्यासारखे.

एप्रिल संपला की आमची मुकादमबाई निवृत्त होतेय. तिची जागा माझी आहे. बावीस वर्षं झाली मला त्या खात्यात! मशीन कुठल्या आवाजाला बिघडतं, कुठल्या वॉर्डाच्या उशा कमी येतात, सगळं मला तोंडपाठ. अर्ज करायचीही गरज नाही असं मुकादमबाई स्वतः म्हणाली होती. मी मूर्ख, गप्प बसून राहिले. आणि हे दोघे मागच्या दाराने!

रेडिओ म्हणाली, जागेसाठीच गेले असणार, दुसरं काय असतं मॅट्रनकडे? बरोबरच आहे.

शुक्रवार, ७ मार्च

थोरला आमच्या तपासणीच्या टेबलाशी समोर बसला आणि म्हणाला, ताई, चहा आणू का. नको म्हटलं. वर तोंड करून चहा विचारतो!

रविवार, ९ मार्च

दोघा भावांची आई चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसते. उपासना संपल्यावर ती दोघी-तिघींना सांगत होती — आता माझ्या लेकांची काळजी मिटली, मॅट्रनबाई फार भल्या आहेत. मी मागेच उभी होते. तळपायाची आग मस्तकात गेली.

घरी येऊन तो भाग पुन्हा वाचला. एका ठिकाणी लिहिलंय की मागायला त्या दोघांची आईच आली होती. वा! दोन हजार वर्षांत काही बदललेलं नाही.

बुधवार, १२ मार्च

आज वर्गात माझी पाळी. मी सरळ सांगितलं, दहांची काही चूक नाही. पाळकीणबाईंनी शांतपणे विचारलं, मग ते का रागावले असतील? मी म्हटलं, अन्याय झाला म्हणून. बाई हसल्या. त्यांचं ते हसू मला मुळीच आवडत नाही. म्हणाल्या, "अन्याय झाला म्हणून, की आपल्याला आधी सुचलं नाही म्हणून?"

सगळे हसले. थोरलाही! माझ्या कानशिलांना चटके बसले. पुढचं काही ऐकलं नाही. चपला घातल्या आणि निघून आले.

बाईंना काय कळतं? त्यांना कुणी कधी डावललंय?

सोमवार, १७ मार्च

घ्या! दोघं भाऊ पहिली पायरी चढले.

आज मुकादमबाईने सांगितलं की थोरला आजपासून घड्यांवर, म्हणजे चादरींच्या घड्या घालायला, जाईल आणि धाकटा मशीनवरून माझ्या टेबलावर येईल. मॅट्रनचा हुकूम. कारण विचारलं तर तिला माहीत नाही. मला माहीत आहे! घड्यांच्या टोकाला माल पाठवायची वही असते, आणि मुकादमबाई स्वतः घड्यांवरूनच वर गेली होती. म्हणजे एकाला वही शिकवायची, दुसऱ्याला टेबल. एक मुकादम, एक त्याचा उजवा हात. आणि टेबल शिकवणार कोण? मी!

टेबल म्हणजे काय ते त्या दांडगटाला मी आज दोन तास समजावत होते. ऑपरेशनच्या खोलीतल्या हिरव्या चादरी धुऊन आल्या की काचेवर पसरायच्या. काचेखाली दिवे. कापडाला सुईएवढं भोक असलं तरी तिथून उजेडाचा ठिपका दिसतो. त्याला खडूने गोल करायचा, चादर ठिगळाला पाठवायची. भोकातून जंतू जातो आणि उघड्या पोटात शिरतो. चुकून चालत नाही.

धाकट्याने पहिल्याच थप्पीत दोन भोकं माझ्याआधी पकडली. शाबास म्हणायला जीभ वळली नाही.

शुक्रवार, २१ मार्च

जेवणाच्या सुट्टीत थोरला माझ्या बाकड्याशी येऊन उभा राहिला. डबा हातातच. म्हणाला, ताई, जरा बोलायचं होतं तुमच्याशी.

मी म्हटलं, मॅट्रनशी बोललात ना? झालं तर मग.

तो डबा तसाच घेऊन परत गेला. जाऊ दे. गोड बोलून गळा कापणाऱ्यांचं ऐकून घ्यायला मी काही संत नाही.

बुधवार, २६ मार्च

वर्गाला गेले नाही. डोकं दुखतंय असं कळवलं. दुखतच होतं.

बुधवार, २ एप्रिल

आज जे लिहितेय ते दोन वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही.

थोरल्याला उजव्या डोळ्याने दिसत नाही.

दोन वर्षांपूर्वी एक भोक पडलेली चादर ऑपरेशनच्या खोलीतून परत आली होती. नशीब, वापरायच्या आधी नर्सने पाहिली. थप्पी थोरल्याची होती. त्या दिवशी सगळे गेल्यावर त्याने डावा डोळा हाताने झाकला, पेटलेल्या काचेकडे तोंड केलं आणि म्हणाला, "ताई, दिवे चालू आहेत का?" मला रडू आलं. तेव्हा धाकटा नुकताच लागला होता, आईचं औषध चालू होतं. टेबलावरच्या माणसाच्या नजरेचा दोष लपवला तर घरी बसवतात, लपवणाऱ्यालाही आणि माहीत असून गप्प राहणाऱ्यालाही. तरी मीच त्याला म्हटलं, गप्प बस, तुझ्या थप्प्या मी पुन्हा पाहीन.

आणि पाहिल्या. दोन वर्षं, रोज, माझ्या थप्प्या संपवून त्याच्या. मान अशी उगाच आखडलेली नाही! एक भोक पुढे जाऊ दिलं नाही. हे कुणाला माहीत आहे? कुणालाच नाही. आणि ज्याच्यासाठी जिवाचं रान केलं तोच माझ्या जागेवर बसणार!

आज ठरवलं. मॅट्रनला पत्र द्यायचं. सगळ्या खात्याच्या वतीने.

सोमवार, ७ एप्रिल

सह्या सहाच मिळाल्या. रेडिओने सही केली नाही! बोलायला सगळ्यांच्या पुढे, सहीच्या वेळी तिला ट्रॉली ढकलायची होती. ठिगळवाली म्हणाली, मला दोघंही भाऊ आवडतात, पण तू म्हणतेस तर करते. अशी सही काय कामाची? पण घेतली.

त्यांना सगळ्यांना पहिलंच पान वाचायला दिलं. ज्येष्ठता डावलू नये, मागच्या दाराने नेमणूक नको, एवढंच त्यात. डोळ्याचं दुसऱ्या पानावर आहे. ते पान मी घरी लिहिलं.

रविवार, १३ एप्रिल

झावळ्यांचा रविवार. हातात झावळी धरून होसान्ना गायलं. आवाज चांगला लागला. रागात माझा आवाज चांगला लागतो.

दुपारी नवऱ्याला पत्र वाचून दाखवलं. तो बसडेपोत मेकॅनिक आहे, माणूस बोलतो कमी. पहिलं पान ऐकून मान हलवली. दुसरं ऐकल्यावर कागद माझ्या हातातून घेतला आणि स्वतः वाचला.

"हे डोळ्याचं कशाला?"

मी म्हटलं, खरं आहे म्हणून.

"खरं दोन वर्षं होतंच की."

मग भांडलो. मी म्हटलं, आता तो घड्यांवर आहे, डोळ्याने त्याचं काही बिघडत नाही, पण मॅट्रनला कळू दे की टेबल इतके दिवस कोण सांभाळत होतं. नुसती बावीस वर्षं म्हटलं तर काय, खुर्चीलाही बावीस वर्षं होतात! त्यातलं एक वाक्य मला फार आवडलं आहे — 'गेली दोन वर्षे त्यांचे सर्व काम मी स्वतः पुन्हा तपासून देत आहे.' हे वाक्य काढलं तर माझ्याजवळ दाखवायला राहतं काय?

नवरा म्हणाला, त्याची नोकरी जाईल. मी म्हटलं, नाही जाणार, फार तर मुकादम होणार नाही. तो उठून बाहेर गेला.

त्याची नोकरी जावी असं मला वाटत नाही. हे मी इथे लिहून ठेवते. फक्त माझं मला मिळावं.

मंगळवार, १५ एप्रिल

दिलं पत्र. मॅट्रन रजेवर होत्या. कारकुनाकडे बंद पाकिटात देऊन पोच घेतली. परत येताना घड्यांजवळून आले. थोरला मान वर न करता चादरीची टोकं जुळवत होता, बोटांनी चाचपून. घडी अगदी काटेकोर येते त्याची. मी तिथे थांबले नाही.

गुरुवार, १७ एप्रिल

संध्याकाळी पाय धुण्याचा विधी. बारा खुर्च्या मांडतात, प्रभूने शिष्यांचे धुतले तसे पाळक एकेकाचे पाय धुतात. मला बसवलं आणि शेजारच्या खुर्चीत नेमका थोरला! मी उठले. पाय दुखतोय असं सांगितलं. पाय दुखतोय म्हणून पाय धुवून घेत नाही! पाळक पुढच्या खुर्चीकडे वळले. माझी खुर्ची रिकामीच राहिली. अकराजणांचे धुतले.

शुक्रवार, १८ एप्रिल

उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे. तीन तास चर्चमध्ये. सगळ्यांचं लक्ष क्रुसाकडे आणि माझं त्या दहांकडे.

एक गोष्ट आज पहिल्यांदा ध्यानात आली आणि तिचाच सगळ्यात जास्त राग आला. प्रभू त्या दोघांवर ओरडलाच नाही! मागितलं ते दिलं नाही, ठीक. पण दहांचं समाधान होईल असा एक शब्द तरी? नाही. सगळ्यांनाच जवळ बोलावलं आणि सगळ्यांनाच एकच सांगितलं, मोठं व्हायचं असेल त्याने सेवक व्हावं. म्हणजे मागणारे आणि रागावणारे एकाच मापात! मला हे पटत नाही. आजच्या दिवशी असं लिहू नये, पण पटत नाही. दोन वर्षं मी काय केलं मग? ती सेवा नव्हती का?

होती. आणि ती मी पत्रात लिहून दिली.

बाहेर पडताना थोरल्याच्या आईने माझा हात धरला. म्हणाली, माझा मोठा तुमचं फार नाव काढतो. मी हात सोडवून घेतला. उद्या मॅट्रन कामावर येणार आहेत.

शनिवार, १९ एप्रिल

मॅट्रनने सकाळीच बोलावलं. मुकादमाच्या जागेचं ते दोघं बोललेच नव्हते. ६ मार्चला थोरल्याने स्वतःहून डोळ्याचं सांगितलं होतं, मला टेबलावरून काढा, भावाची नजर चांगली आहे, त्याला बसवा, म्हणून. मॅट्रनने त्याचा जबाब लिहून घेतला होता. खात्यात हे आणखी कुणाला माहीत होतं का, या प्रश्नापुढे त्याचं उत्तर — नाही, कुणालाही नाही. खाली त्याची सही.

मॅट्रनने त्या कागदाशेजारी माझं दुसरं पान ठेवलं. म्हणाल्या, "तुम्हा दोघांपैकी खोटं कोण बोलतंय?"

"तो," मी म्हणाले. "माझ्यासाठी."

त्यांनी कोरा कागद घेतला, आणि मी पहिल्यापासून सांगायला लागले.