तसबिरीतलं चुकलेलं नाक

मी, गेलेल्या माणसांच्या तसबिरी रंगवणारी बाई, राहणार दुकानाच्या माडीवर, हे मृत्युपत्र राजीखुशीने करून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. हात मात्र आता थरथरतो, म्हणून मी सांगते आहे आणि माझे यजमान लिहीत आहेत. ते घड्याळं दुरुस्त करतात. त्यांचा हात अजून हलत नाही. तोंडही फारसं हलत नाही, त्यामुळे ते मला मध्येच तोडणार नाहीत, असा भरवसा आहे.

कलम १. दुकान, माडी आणि बँकेतली शिल्लक यजमानांची. त्यांच्या पश्चात आमच्या मुलीची. यात कोणाचीही हरकत चालणार नाही. जिन्याला कठडा बसवून घ्या, हे मी लग्न झाल्यापासून सांगते आहे. आता कायद्याने सांगते.

कलम २. कुंचले, रंग, इझल आणि खुंटीवरचा काळा कोट मुलीला. कोट यजमानांच्या लग्नातला. ज्यांचा एकही धड फोटो नसायचा, त्या सगळ्यांना मी तोच चढवला. कितीतरी घरांच्या भिंतींवर माणसं वेगवेगळी आहेत आणि कोट एकच. अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही, तेव्हा मुलीने बिनधास्त वापरावा.

कलम ३. सासूबाईंची तसबीर नणंदबाईंनी मागितली आहे. एकदा नेली होती, तेव्हा दाराआड टांगली आणि वर म्हणाल्या, "वहिनी, आमची आई एवढी रागीट नव्हती हो." मी जाऊन ती परत आणली. नणंदबाईंना मी माफ केलं आहे. तसबीर देणार नाही.

समोरच्या फोटोवाल्यांनाही काही ठेवावं असं मनात होतं. पण साक्षीदाराला काही देता येत नाही, असं वकील म्हणाले. "काकू, हे काम आता मशीन चुटकीसरशी करतं," असं ते मला येता-जाता ऐकवतात. म्हणून त्यांना साक्षीदार केलं.

कलम ४. हे नीट वाचावं. सासूबाई गेल्या तेव्हा हे रडले नाहीत, बोललेही नाहीत. जेवायचे, दुकानात बसायचे, चिमटा हातात धरून त्याच त्या घड्याळाकडे बघत राहायचे. मला धास्ती बसली. दुसरं काही सुचेना म्हणून सासूबाईंची तसबीर करायला घेतली आणि घाईत नाक चुकलं. हे मागे येऊन उभे राहिले. "हे काय? आईचं नाक असं होतं? टोकाला बसकं होतं. चिडली की फुगायचं." मग ती कधी चिडायची, कोणावर, ते सांगत बसले. चहा निवला, मी पुन्हा गरम केला, तोही निवला. शेवटी हमसून हमसून रडले आणि भूक लागली म्हणाले.

तेव्हापासून मी पहिल्या दिवशी नाक मुद्दाम चुकवते. घरचे येतात ते मुके होऊन. नाक बघून आधी चिडतात, मग बोलायला लागतात, मग रडतात, आणि तसबीर घेऊन जाताना एखादा तरी हसत असतो. त्यांच्या बोलण्यामुळेच चेहरा जमतो. मुलीला हे मी शिकवलं आहे.

कलम ५. मी गेल्यावर माझी तसबीर मुलीने ह्यांना समोर बसवून काढावी आणि चुकवावी. नाहीतर हे पुन्हा गप्प होतील, आणि या खेपेला त्यांना बोलतं करायला मी नसेन. मला मरणाचं फार वाटत नाही. भरपूर जगले, मन लावून काम केलं, सुखात आहे. काळजी आहे ती एवढीच. लिहिणारे तेच असल्यामुळे युक्ती त्यांना कळली, असं कोणी म्हणेल. कळू दे. आपल्या माणसाचं नाक चुकलेलं बघून गप्प बसणं कोणालाच जमत नाही.

माझा चेहरा असा: वर्ण सावळा, कपाळ रुंद, हसले की उजव्या गालाला खळी.

इथे यजमानांनी पेन थांबवलं.

"डाव्या," म्हणाले.

"उजव्या. रोज आरशात बघते मी."

"आरशात? अगं, जन्मभर चेहरे काढलेस आणि आरशात उलटं दिसतं हे मी सांगू? आणि कपाळ कुठलं रुंद? केस ओढून बांधतेस म्हणून वाटतं. पहिल्यांदा दुकानात आलीस तेव्हा मोकळे होते. घड्याळ बंद पडलंय म्हणालीस. बंद कुठलं! किल्लीच दिलेली नव्हती. मी चार दिवसांनी या म्हटलं."

"का?"

"तू परत यावीस म्हणून."

हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, अहो, हेही लिहा. लिहीत आहेत. मध्ये मध्ये चष्मा पुसत आहेत.

वरील मजकूर वाचून घेतला, तो बरोबर आहे.

सही: तसबीरवाल्या काकू

साक्षीदार: १. समोरचे फोटोवाले (सही) २. दाखला देणारे डॉक्टर (सही)

ठिकाण: दुकानावरची माडी. दिनांक: सात फेब्रुवारी, रविवार.

लेखनिक, म्हणजे पती: मजकूर तिने सांगितला तसा लिहिला. कलम पाचमध्ये माझी एक दुरुस्ती आहे, ती तिने मान्य केली. खळी डाव्या गालाला. मुलीने मुद्दाम काही चुकवायची गरज नाही. मी बोलेन.