रेघेपलीकडे

कोपरखैरणे,
३ फेब्रुवारी १९९७

ती. मंजुषाताईस,
राजनंदिनीचा सा. न. वि. वि.

ताई, पोलीस भरतीच्या सरावाला शेवटचा फेरा जीव खाऊन मारला. रेघ ओलांडली, उभी राहून हसले आणि डोळ्यांपुढं अंधारी आली. जागी झाले तेव्हा डोकं आबांच्या मांडीवर होतं.

तेव्हापासून घरात कोंडलीय. आबा बाहेरून कडी घालून मार्केटला पोती उचलायला जातात. आई रागवत नाही, नुसती दाराशी बसून लसूण सोलते. खिडकीच्या गजांतून बाकीच्या पोरी पळताना दिसतात. तुझे दादा, आबांचे सख्खे भाऊ, त्यांच्या डोळ्यांदेखत गेले; आबांना वाटतं, तेच माझ्यात आलंय. कुणाला कळायच्या आत लग्न उरकायचं म्हणून कराडचं स्थळ काढलंय. तू दवाखान्यात काम करतेस, तूच सांग, मला खरंच काही झालंय का?

शेजारच्या मालतीबाई हे पत्र टपालात टाकतील. आठवण ठेव.
तुझी, राजू

मिरज,
९ फेब्रुवारी १९९७

चि. राजूस अनेक आशीर्वाद.

हसत हसत पडणारी पोलीस मी पहिल्यांदाच ऐकली! आता नीट वाच, आणि आबाकाकांनाही वाचून दाखव.

पळताना पायांतल्या रक्तवाहिन्या सैल होतात आणि पोटऱ्या दर पावलाला रक्त वर ढकलतात. तू एकदम थांबलीस, ढकलणं थांबलं, रक्त पायांतच साचलं. एरवी मानेतल्या नसा दाब उतरल्याचं मेंदूला कळवतात आणि मेंदू वाहिन्या आवळतो. पण व्यायामानंतर थोडा वेळ मेंदूच कमी दाब चालवून घेतो, आणि वाहिन्याही त्याचं पुरतं ऐकत नाहीत. म्हणून पळून झालं की चालत राहायचं. गरगरलं तर आडवं होऊन पाय उंच.

माझे दादा पोतं पाठीवर असताना कोसळले. तू थांबल्यावर पडलीस. यात फार फरक आहे, राजू. तरी घराण्यात एक गेलाय, तेव्हा हृदयाची तपासणी झाल्याशिवाय पळू नकोस. हे मी बहीण म्हणून नाही, त्यांची मुलगी म्हणून सांगते.

सगळ्यांवर माया आहेच.
तुझी, मंजुषाताई

कोपरखैरणे,
२ मार्च १९९७

ती. ताईस सा. न.

पत्र वाचून आबा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मला वाशीच्या दवाखान्यात घेऊन गेले. माझं हृदय ठणठणीत निघालं. मग आबांनी मान खाली घालून डॉक्टरांना विचारलं की, पोतं उतरवून उभं राहिलं की मलाही अंधारी येते, ते काय. वर्षभर कुणाला बोलले नव्हते. आपलीही पाळी येणार, त्याआधी पोरीचं लग्न व्हावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. त्यांना गोळ्या चालू झाल्यात, ओझं तूर्त बंद. माझ्या दाराची कडी निघाली, कराडचं स्थळही थांबलं.

काल भरतीची धाव झाली. पास झाले. रेघ ओलांडताच आबा दोरीखालून घुसले आणि दंडाला धरून मला चालवायला लागले. हवालदार ओरडला, तरी सोडेनात. तसेच आम्ही शेजारच्या बोनकोडे गावापर्यंत गेलो. वाटेत त्यांनी विचारलं की ट्रेनिंग कुठं असतं. मी सांगितलं. फार लांब आहे म्हणाले, आणि चालत राहिले.

लोभ आहे तसाच राहू दे.
तुझी, राजू