एक मिनिट चाळीस सेकंद

रुक्मिणी नगर, अमरावती
१८ नोव्हेंबर २०२५

ती. चंदाताईस,

सिंधूचा नमस्कार. इथे सगळे बरे आहेत, हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचून तू घाबरायची नाहीस.

थंडी पडली आहे. यांचा गुडघा पुन्हा कुरकुरतो. रविवारच्या साक्षगंधासाठी हॉल मिळाला, पण नवऱ्या मुलीला, म्हणजे आमच्या जुईलीला, साखरपुड्याला नेसायची एकही साडी पसंत पडेल तर शपथ. तू ईशानबरोबर पाठवलेली जवसाची चटणी संपत आली.

तुझे तीन फोन आले, मी उचलले नाहीत. कामात होते असं कळवलं, ते खोटं. हे पत्रही दोनदा लिहून फाडलं.

तुझा ईशान चटणी घेऊन आला त्या दिवशी पाया पडला आणि म्हणाला, "मावशी, तुमचा मेसेज आल्यापासून आई तो रोज ऐकून राहिली. शेजारच्या काकूलेबी ऐकवला." मी नुसती हसले. कसला मेसेज, तेच मला माहीत नव्हतं. तो गेल्यावर फोन उघडून पाहिला. माझ्याच नंबरावरून तुला गेलेला, एक मिनिट चाळीस सेकंदांचा. आवाज माझा. बोलण्याआधी घसा खाकरायची माझी खोड, तीसुद्धा होती. "ताई, माझं चुकलं. सहा वर्षं मी उगाच धरून बसले." ऐकताना क्षणभर मलाच वाटलं, आपण बोललो असू आणि विसरलो असू. त्याची भीती अजून गेलेली नाही.

ताई, ते मी बोलले नाही. शाळेच्या ग्रुपवरचे माझे जुने व्हॉइस मेसेज कुठल्याशा ॲपला देऊन जुईलीने ते तयार करून घेतलं आणि माझ्याच फोनवरून तुला पाठवलं. मी रागावले तर म्हणते, "सहा वर्षं झाली आई, तू बोलून राहिली होती का? मले मावशी पाहिजे होती साक्षगंधाले." डोळ्यांत पाणी होतं तिच्या.

तिचा हेतू वाईट नव्हता, याचीच मला जास्त धास्ती वाटते. उद्या संसारात ही हेच करेल. नवऱ्याची समजूत, सासूचं सांत्वन, सगळं दुसरंच कुणी बोलेल, आणि तिकडूनही तसंच उत्तर येईल. मग घरात माणसं कशाला हवीत? तीस वर्षं पोरांना शिकवलं, पण याचं उत्तर मला येत नाही. तू त्या मेसेजला उत्तर पाठवलंस, "सिंधू, मी तवाच माफ केलं होतं." ते तरी तूच बोललीस ना? बघ, आता हेही विचारावंसं वाटतं.

हे पत्र माझंच कशावरून, असं तू म्हणशील. अक्षरही हुबेहूब काढता येतं म्हणे. म्हणून जे त्या आवाजाला ठाऊक नव्हतं ते सांगते. तो नुसता "चुकलं" म्हणाला. काय चुकलं, ते फक्त मला माहीत आहे.

आई शेवटी शुद्धीवर नव्हती, असं मी तुला सांगितलं. ती होती. गुरुवारी दुपारी मी पेज भरवत होते, तर माझा हात धरून म्हणाली, "चंदीले बोलाव. मले तिले पाहू दे." चार वर्षं मी तिचं सगळं केलं आणि तिच्या तोंडी तुझं नाव. मला राग आला. बोलावते म्हणाले आणि बोलावलं नाही. शुक्रवारभर ती दाराकडे बघत होती. शनिवारी सकाळी तुला फोन केला, तोवर सगळं संपलं होतं. अकोल्याहून दोन तासांचा तर रस्ता, ताई.

उशिरा कळवलं म्हणून तू भांडलीस. का उशीर केला, ते तुला कधी कळलंच नाही. तू माफ केलंस ते त्या आवाजाला, मला नाही.

रविवारी यायचं की नाही ते तू ठरव, जुईलीची समजूत मी घालीन. बोलणं पुन्हा बंद करावंसं वाटलं तर तेही कर. फक्त या वेळी ते माझ्याशी बंद कर.

तुझीच,
सिंधू